जुन्या जीन्सचं चेनचं पाऊच शिवताय? या चुका टाळा

मी शिवलेलं जीन्सचं पहिलं पाऊच दिसायला बरं होतं, पण एका कोपऱ्यात गाठ बसावी तसा कडक गोळा, चेनच्या टोकाशी कापड तोंड वासून उभं, आणि आतलं पांढरं अस्तर थोड्याच दिवसांत निळसर. त्या एका पाऊचपायी दोन सुया मोडल्या. मशीन बिघडलं असं समजून मी ते उघडून, पुसून, तेलही घातलं. मशीनला काहीही झालं नव्हतं. सुईखाली कुठे किती थर येणार आहेत हे मी मोजलंच नव्हतं. पुढच्या बऱ्याचशा चुका फिरून फिरून तिथेच येतात.

कात्री लावायची घाई

जीन्सचा पाय हातात आला की वाटतं, कापड भरपूर आहे, कुठूनही कापू. पण गुडघ्यावरचं, मांड्यांमधलं आणि बैठकीचं कापड घासून विरलेलं असतं. डोळ्यांना ते धड दिसतं. उजेडासमोर धरलं की जाळी दिसायला लागते. पाऊचसाठी पोटरीकडचं, त्यातही पायाच्या मागच्या बाजूचं कापड सगळ्यात चांगलं.

मग शिवणी बघा. पायाला दोन उभ्या शिवणी असतात, आणि बऱ्याच जीन्समध्ये त्या वेगवेगळ्या असतात. एकीवर बाहेरून दोन समांतर टिपा दिसतात. तिथे दोन्ही कडा एकमेकींत अडकवून दुमडलेल्या असल्यामुळे कापडाचे चार थर होतात. दुसरी शिवण साधी, आतून उघडून इस्त्री केलेली. साधी शिवण उसवली की सपाट, रुंद कापड मिळतं. चार थरांची शिवण पाऊचवर हवीच असेल तर ती मधोमध येऊ द्या, कडेला कधीच नको. जीन्सच्या पायाच्या तळाची दुमडलेली पट्टी तर सरळ कापून बाजूला ठेवा. पट्टी म्हणजे तीन थर, आणि ती जिथे त्या जाड शिवणीवरून जाते तिथे तीन गुणिले चार, बारा थर. घरच्या मशीनकडून ही अपेक्षा करू नये.

रिव्हेटबद्दलही एक, म्हणजे खिशाच्या कोपऱ्यांवर ठोकलेल्या धातूच्या छोट्या टिकल्यांबद्दल. जेकब डेव्हिस आणि लेव्ही स्ट्रॉस यांनी १८७३ साली पेटंट घेतलं ते या रिव्हेटचंच. खिशाचे कोपरे फाटू नयेत म्हणून ती ठोकायची कल्पना. फाटत नाहीत हे खरं, पण आपली सुई मात्र त्यांच्यावर आपटली की गेलीच. रिव्हेट असलेला भाग वापरायचा असेल तर टीप त्याच्यापासून निदान बोटभर लांब ठेवा.

उभा धागा कुठला, हे न बघणं

कडेचा एक धागा ओढा. निळा निघाला तर तो उभा, पांढरा निघाला तर आडवा. नेहमीच्या निळ्या डेनिममध्ये उभे धागे रंगवलेले आणि आडवे बिनरंगाचे असतात, म्हणून कापडाची उलटी बाजू फिकट दिसते. जीन्समध्ये निळा धागा पायाच्या लांबीने जातो.

हे कळून काय फायदा? स्ट्रेच जीन्स बहुतेक वेळा आडवी ताणते. चेन त्या ताणाच्या दिशेने लावली की शिवताना कापड नकळत लांबतं, चेन लांबत नाही, आणि पाऊचच्या तोंडाला लाटा येतात. नंतर इस्त्रीने त्या जात नाहीत, कितीही दाबा. म्हणून पाऊचची रुंदी पायाच्या लांबीत घ्या, म्हणजे चेन निळ्या धाग्याच्या दिशेने बसेल. शिवाय पाय खाली निमुळता होत जातो, त्यामुळे मांडणीही अशीच सोयीची पडते. तिरकं, उरेब कापलेलं पाऊच तर धुतल्यावर पिळवटतं. कागदाचा तुकडा पायावर ठेवून शिवणीकडे बघत अंदाजाने आखू नका. जुन्या जीन्सचा पाय पुष्कळदा स्वतःच पिळवटलेला असतो, आणि त्याची शिवण सरळ असेलच असं नाही. धागा बघूनच आखा.

सुई तीच, दोरा तोच

ब्लाउजपीस शिवलेली सुई तशीच ठेवून जीन्स सरकवायची, ही सवय मोडा. मध्यम जाडीला १६ नंबर, खूप जाड कापडाला १८, पातळ स्ट्रेच जीन्सला १४. जीन्ससाठीची म्हणून मिळणारी सुई टोकदार आणि दांड्याला भक्कम असते. सुई कापडात शिरताना टक्‌टक् आवाज येत असेल तर ती बोथट झाली आहे.

दोरा पॉलिएस्टरचा घ्या. वरून दिसणाऱ्या टिपेसाठी जाड नारिंगी दोरा वापरायचा असेल तर तो फक्त वर, बॉबिनमध्ये म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळात साधाच. दोन्हीकडे जाड दोरा भरला की टाका खाली गुठळ्या करतो. टिपेतला टाका ३ ते ३.५ मिमी लांब ठेवा. बारीक टीप म्हणजे पक्की टीप हा समज पातळ कापडापुरता ठीक आहे. डेनिममध्ये जवळजवळ टोचलेली भोकं कापडालाच कमकुवत करतात.

आणि उरलेल्या तुकड्यावर आधी शिवून बघा. एका थरावर नव्हे, प्रत्यक्षात येणार आहेत तेवढ्या थरांवर.

उंचवट्यावर मशीनशी कुस्ती

जाड शिवणीपाशी आल्यावर काय होतं ते एकदा वाकून बघा. दाबपायाचं, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या धातूच्या पायाचं, नाक (पुढचं टोक) वर उचललं जातं, टाच (मागचं टोक) खाली राहते. खालचे दात कापड ओढत राहतात, पण तिरक्या झालेल्या पायाखाली ते पुढे सरकत नाही. त्याच जागी चार-पाच टाके पडतात. आपण वैतागून कापड मागून ओढतो. सुई वाकते, खालच्या पत्र्यावर आपटते आणि मोडते. दोष द्यायला मशीन असतंच.

उपाय फुकटचा आहे. त्याच जीन्सचा तुकडा दोन-तीन घड्या घालून उंचवट्याइतका जाड करा. पाय चढताना ही घडी टाचेखाली सरकवा, म्हणजे पाय सपाट होईल. उतरताना नाकाखाली. मधले चार-पाच टाके हातचाक फिरवून घाला. जाड जागा त्याआधी हातोडीने ठोकून घेतली तर आणखी सोपं. जुन्या फडक्यात गुंडाळून, टणक फळीवर, दणादण. शेजारी झोपलेले नसतील ती वेळ निवडा.

चेन: खरी गडबड इथे

पहिली चूक चेन उलटी लागण्याची. रचना अशी: डेनिम सुलट बाजू वर, त्यावर चेन पालथी, म्हणजे रनर (चेन उघड-बंद करणारा सरकता तुकडा) डेनिमकडे, आणि सगळ्यात वर अस्तर सुलट बाजू खाली. वाचायला सोपं आहे, हातात घेतल्यावर डोकं फिरतं. म्हणून आधी टाचण्या लावा, उलटून बघा, मगच टीप मारा.

दुसरी चूक मी वर सांगितलेल्या गोळ्याची. कोपऱ्यात किती थर येतात मोजा: डेनिम दोन, अस्तर दोन, चेनची पट्टी दोन, आणि वर-खाली दुमडलेली माया, म्हणजे टिपेबाहेर सोडलेलं कापड. त्यात चेनचे दातही शिवणीत गेले की कोपरा कधीच टोकदार होत नाही. यासाठी चेन पाऊचपेक्षा आखूड घ्यायची आणि दोन्ही टोकांना सुती कापडाचे छोटे तुकडे जोडायचे. पाऊचचा तुकडा २२ सेंमी रुंद आणि दोन्हीकडे १ सेंमी माया असेल तर तयार पाऊच २० सेंमीचं होतं. चेनचे दात १८ सेंमीत संपवा. उरलेली जागा त्या सुती तुकड्यांची. हे तुकडे डेनिमचेच करायचा मोह होतो, छान जुळतातही. करू नका. थर वाढतात आणि पुन्हा तोच गोळा.

चेन नायलॉनची असली तर हवी तिथे कापता येते. कापल्यावर टोकाशी हाताने चार टाके घालून ती बंद करा, नाहीतर रनर हातात येतो. धातूच्या चेनवरून मात्र टीप नेऊ नका.

चेन लावून झाल्यावर डेनिम आणि अस्तर दोन्ही मागे दुमडून दातांपासून साधारण ३ मिमीवर दाबटीप मारा. ही टीप टाळली की अस्तर रनरमध्ये अडकतं, आणि घाईच्या वेळीच अडकतं.

आता सगळ्यांची लाडकी चूक. चारी बाजू शिवायच्या आधी चेन अर्धी उघडी ठेवा. बंद चेनने शिवलेलं पाऊच उलटवता येत नाही. बाहेरून रनर चिमटीत पकडून तो सरकवायची कसरत मी केली आहे. जमते, पण पुन्हा करावीशी वाटत नाही. बाजू शिवताना चेनचे दात अस्तराच्या दिशेला वळवून टाचा, तोंडाचे कोपरे नीट निघतात.

अस्तर आणि निळा रंग

डेनिमचा निळा रंग धाग्याच्या आत पूर्ण मुरत नाही, बाहेरच्या थरावरच बसतो. म्हणून जीन्स घासली की पांढरी पडते, आणि म्हणूनच तो रंग दुसऱ्या कापडाला लागतो. खूप वेळा धुतलेल्या जीन्सचा त्रास कमी. गडद जीन्स असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून बघा, आणि रंग सुटत असेल तर अस्तर गडद निवडा.

अस्तर डेनिमच्या अगदी बरोबरीचं कापलं की आत चुण्या पडतात, कारण जाड कापड आतली जागा खातं. अस्तराच्या बाजूंना टीप ३ मिमी जास्त आत घ्या. पाऊच सुलट करायला अस्तराच्या तळाशी ८ ते १० सेंमी फट सोडायची विसरू नका. विसरलात तर उसवायची सुई आहेच.

पाऊच उभं राहावं म्हणून तळाचे कोपरे आडवे शिवणार असाल तर उंचीचा हिशोब आधी करा. ६ सेंमी रुंद तळ उंचीतले ३ सेंमी खातो. १६ सेंमीचं म्हणून कापलेलं पाऊच १३ चं होतं आणि पेन बाहेर डोकावतात.

शिवताना अडलं तर

खाली दोऱ्याचा गुंता होतो: बहुतेक वेळा दोष वरच्या दोऱ्याचा असतो. दाबपाय वर उचलून दोरा पुन्हा ओवा. पाय खाली असताना ओवला तर तो ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसत नाही. सुरुवातीला दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून ठेवा.

टाके सुटतात: आधी सुई बदला. स्ट्रेच जीन्समध्ये तरीही सुटत असतील तर स्ट्रेचची सुई लावा.

दोरा पिसतो किंवा तुटतो: सुईचं भोक दोऱ्याला लहान पडतंय. एक नंबर मोठी सुई घ्या.

आवाज जड झाला, टाका वाकडा पडतोय: बॉबिनचा कप्पा उघडा. एका पाऊचभर शिवणातसुद्धा तिथे निळी पूड साचते. ब्रशने काढा, फुंकर मारू नका, ती आणखी आत जाते.

कोपऱ्यातली माया तिरकी छाटा, टिपेपासून २ ते ३ मिमी सोडून. अस्तराची माया डेनिमच्या मायेपेक्षा थोडी जास्त कापा, म्हणजे सगळे थर एकाच रेषेत संपत नाहीत. पाऊच सुलट करताना कोपरा कात्रीच्या टोकाने ढकलू नका, बोथट पेन्सिल घ्या. अस्तराची फट सगळ्यात शेवटी बंद करा, पण आधी चेन दहा-बारा वेळा उघड-बंद करून, कोपरे हाताने चाचपून. गोळा लागला तर याच फटीतून आत जाऊन माया आणखी छाटता येते.