ऑप्टिक नर्व्हजवळच्या गाठीचं ऑपरेशन: डोळ्यांची तयारी

ऑप्टिक नर्व्ह म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस. तिच्याजवळच्या गाठीच्या ऑपरेशनची तारीख ठरली की सगळं घर एमआरआयच्या मागे लागतं आणि डोळे राहून जातात. गाठ पिट्यूटरीची (मेंदूच्या तळाशी असलेल्या हार्मोन बनवणाऱ्या ग्रंथीची) असो की शेजारची, नजर किती सुधारली हे नंतर कळायचं तर आधीची नोंद हवीच. व्हिज्युअल फील्ड टेस्ट (समोर बघताना आजूबाजूचं किती दिसतं ते मोजणारी) आणि ओसीटी (डोळ्याच्या आतल्या पडद्याचं स्कॅन) आधीच करून घ्या. फील्ड टेस्टमध्ये ठिपका चमकला की बटण दाबायचं, एवढंच काम. तरी पहिल्या खेपेला बहुतेकांची तारांबळ उडते, म्हणून जमल्यास दोनदा करा. ओसीटीत मज्जातंतूंच्या थराची जाडी दिसते. थर शाबूत असेल तर नजर परतायची शक्यता जास्त, फार पातळ झाला असेल तर कमी. नजर कितपत परतेल हा प्रश्न डॉक्टरांना ऑपरेशनआधीच विचारा, कितीही अवघड वाटला तरी.

प्रोलॅक्टिनची (पिट्यूटरीतल्या एका हार्मोनची) रक्ततपासणी झाली आहे ना, तेही बघा. गाठ प्रोलॅक्टिन बनवणारी निघाली तर बहुतेकदा गोळ्यांनीच आकसते.

घरी एक वही ठेवा. एक डोळा झाकायचा, दुसऱ्याने सरळ समोर बघायचं आणि बाटलीचं लाल झाकण नाकासमोरून कानाकडे सरकवायचं. लाल रंग कुठे विटका होतो ते लिहा. दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्या फुलीवर गाठ दाबते तेव्हा बाहेरच्या बाजूची नजर आधी जाते. दाराच्या चौकटीला खांदे घासतात ते त्यामुळेच. ही वही तपासणीची जागा घेत नाही, पण डॉक्टरांशी बोलताना फार उपयोगी पडते.

ऑपरेशननंतर काहींना पहिल्या काही दिवसांतच उजळ दिसू लागतं, उरलेली सुधारणा महिनोन्‌महिने रेंगाळत येते. त्यामुळे नव्या चष्म्याची घाई नको; फील्डमधली उणीव चष्म्याने भरतही नाही. नजर एकाएकी मंदावली तर मात्र रात्री दोन वाजताही नर्सला उठवा, आत रक्त साचून नसांवर दाब आलेला असू शकतो.

ऑपरेशन नाकातून झालं असेल तर डॉक्टर सांगेपर्यंत नाक शिंकरायचं नाही, वाकायचं नाही, कुंथायचं नाही. नाकातून पाण्यासारखं गळणं, न शमणारी तहान आणि सारखी लघवी, घरी आल्यावर डोकेदुखी, मळमळ किंवा गोंधळल्यासारखं होणं, यातलं काहीही झालं तरी लगेच फोन करा. स्टेरॉइडच्या गोळ्या मनाने बंद करू नका. गाडीची किल्ली फील्ड टेस्ट होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत दुसऱ्याकडे द्या.

पुढची फील्ड टेस्ट साधारण तीन महिन्यांनी होते. शक्यतो त्याच प्रकारच्या मशीनवर करा आणि जुना रिपोर्ट सोबत न्या.