जुन्या बीटलला हिवाळी टायर निवडताना

जर्मनीत राहणाऱ्या मराठी माणसाने हौसेने १९६० किंवा ७० च्या दशकातली फोक्सवॅगन बीटल घेतली, की ऑक्टोबर लागताच पहिला प्रश्न टायरचा येतो. आजच्या गाडीला दुकानदार नंबरप्लेट विचारतो आणि टायर समोर आणून ठेवतो. बीटलच्या बाबतीत दुकानाचा संगणक बरेचदा गप्प बसतो किंवा भलताच आकार दाखवतो. म्हणून आकार, रिम, ट्यूब आणि हवा या चार गोष्टी मालकाला स्वतःला कळायला हव्यात. कुठल्या कंपनीचा टायर घ्यायचा, हा त्यानंतरचा आणि त्यामानाने सोपा प्रश्न आहे.

आधी कायदा

जर्मनीत ठरलेल्या तारखांना हिवाळी टायर लावण्याची सक्ती नाही. सक्ती रस्त्याच्या अवस्थेवर आहे. बर्फ, चिखलबर्फ किंवा गोठलेला ओलावा रस्त्यावर असेल, तर साध्या टायरवर गाडी चालवता येत नाही. पकडलं गेल्यास ६० युरो दंड आणि चालकाच्या नोंदीत १ दंडाचा पॉइंट, वाहतूक अडली तर दंड जास्त. गाडी जुनी आहे, एच नंबरप्लेटची (म्हणजे ऐतिहासिक गाडी म्हणून नोंदलेली) आहे, म्हणून सूट मिळत नाही.

१ ऑक्टोबर २०२४ पासून तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असलेला टायरच हिवाळी धरला जातो. नुसतं 'एम+एस' (चिखल आणि बर्फ) आता चालत नाही. जुन्या गाड्यांच्या मालकांनी इथे नीट लक्ष द्यावं, कारण गाडीबरोबर फुकट मिळालेल्या जुन्या हिवाळी टायरांवर बहुधा एम+एस एवढंच असतं. ती अक्षरं कंपनी स्वतःच्या जबाबदारीवर छापते, त्यासाठी कुठली चाचणी लागत नाही. डोंगरचिन्हासाठी मात्र बर्फावर तुलनेची चाचणी पास व्हावी लागते. हे चिन्ह असलेला बारमाही टायरही कायद्याला चालतो.

ऑस्ट्रियात जाणार असाल तर तिथला नियम वेगळा आहे. १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात रस्ता हिवाळी असेल, तर रेडियल टायरच्या नक्षीची खोली किमान ४ मिलिमीटर लागते आणि क्रॉसप्लायची ५. रेडियल म्हणजे आजच्या गाड्यांचा नेहमीचा टायर, आणि क्रॉसप्लाय म्हणजे आपल्याकडे ट्रकवाले ज्याला नायलॉन टायर म्हणतात तो. जर्मनीत कायद्याने १.६ मिलिमीटर पुरतात, पण ४ च्या खाली गेलेला हिवाळी टायर बर्फात जवळजवळ निरुपयोगी होतो. तिथेही ४ हीच सीमा माना.

आकार: अरुंदच ठेवा

ऑक्टोबर १९५२ पासून बीटलला १५ इंची चाकं आली आणि त्यावर ५.६०-१५ हा क्रॉसप्लाय टायर. त्याच्या जागी बसणारे रेडियल दोन: १५५ आर १५ आणि १६५ आर १५. आज त्यांच्यावर १५५/८० आर १५ आणि १६५/८० आर १५ असं छापलेलं असतं. गाडीच्या कागदावर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राच्या पहिल्या भागात, १५.१ आणि १५.२ या रकान्यांत पुढचा आणि मागचा आकार लिहिलेला असतो. तिथे एकच आकार असला तरी मूळ मॉडेलला दुसराही मान्य असू शकतो. टायर घेण्याआधी टीयूव्हीच्या, म्हणजे गाड्यांची तांत्रिक तपासणी करणाऱ्या संस्थेच्या, तपासनिसाला विचारा, नंतर नको.

दोन्ही आकार मान्य असतील तर बर्फासाठी १५५ घ्या. अरुंद टायर तेवढंच वजन कमी रुंदीवर टाकतो, त्यामुळे चिखलबर्फ कापून खालच्या रस्त्यापर्यंत पोचतो. रुंद टायर त्यावर तरंगतो. १५५ चा व्यास सुमारे ६२९ मिलिमीटर, १६५ चा ६४५. म्हणजे १६५ वरून १५५ वर आलात की स्पीडोमीटर अडीच टक्के जास्त वेग दाखवेल, आणि ही चूक सुरक्षित बाजूची आहे.

आता दुकानातले सापळे. १५ इंचांत सर्वांत सहज आणि स्वस्त मिळणारा हिवाळी टायर १९५/६५ आर १५. त्याचा व्यास ६३४ मिलिमीटर, त्यामुळे 'बसतो की' असं कोणीतरी म्हणतंच. पण त्याला किमान साडेपाच इंच रुंदीची रिम लागते आणि बीटलची मूळ रिम ४ किंवा साडेचार इंचांची. कडा आत दाबली जाते, टायर मध्ये फुगतो, वळणावर लडबडतो. दुसरा सापळा १५५/६० आर १५, 'स्मार्ट' नावाच्या छोट्या गाडीचा पुढचा टायर. रुंदी अगदी बरोबर वाटते, पण व्यास ५६७ मिलिमीटर, म्हणजे दहा टक्के कमी. गाडी तीन सेंटिमीटर खाली बसते, इंजिन सतत जास्त फिरतं आणि बर्फात जमिनीपासून हवं असलेलं अंतरच जातं. तिसरा सापळा, आकारापुढे 'सी' अक्षर असलेला व्हॅनचा टायर. त्याच्या भिंती जाड आणि ताठ असतात. बीटलच्या हलक्या पुढच्या टोकाखाली त्या दबतच नाहीत.

वजन आणि वेगाचे आकडे बघून घ्या, पण त्यांची चिंता नको. भार निर्देशांक ८२ म्हणजे एका टायरला ४७५ किलो, ८६ म्हणजे ५३० किलो. कागदावरच्या ८.१ आणि ८.२ रकान्यांत अॅक्सलचा कमाल भार असतो. त्याच्या निम्म्याहून टायरची क्षमता जास्त हवी, आणि ती आरामात असते. वेगासाठी क्यू म्हणजे १६० किलोमीटर, टी म्हणजे १९०. बीटल तिथवर पोचतच नाही.

हे आकार थोड्याच कंपन्या बनवतात आणि हंगामात माल संपतो. जुन्या गाड्यांचे टायर ठेवणाऱ्या खास दुकानांत सप्टेंबरमध्येच विचारा. नेदरलँड्सची व्रेडेस्टाइन जुन्या गाड्यांच्या आकारांसाठी ओळखली जाते, आणि २००९ पासून ती आपल्या अपोलो टायर्सच्या मालकीची आहे.

चारही एकसारखे

जुन्या काळी बीटलला मागच्या दोन चाकांनाच बर्फाचे टायर लावायची पद्धत होती. इंजिन मागे, ओढ मागच्या चाकांची, वजनही साठ टक्के मागे, त्यामुळे गाडी चढ सहज चढायची. पण पुढची चाकं साधी राहिली की वळणावर स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळ जाते. बीटलचं पुढचं टोक हलकं असल्याने ही खोड तिला मुळातच आहे. हिवाळी टायरची खरी गरज पुढे आहे, चढण्यासाठी नाही तर वळण्यासाठी आणि थांबण्यासाठी. थंडीत पुढच्या डिकीतली ४० लिटरची टाकी भरलेली ठेवा. पुढे तीसेक किलो वजन मिळतं आणि टाकीत दमट हवाही कमी राहते.

रेडियल आणि क्रॉसप्लाय एकाच गाडीवर मिसळू नका. जर्मनीत ते नियमातही बसत नाही. दोघांच्या भिंती वळणावर वेगवेगळ्या प्रमाणात झुकतात, त्यामुळे पुढचं आणि मागचं टोक वेगवेगळ्या क्षणी घसरतं. कोरड्या रस्त्यावर हे लक्षातही येत नाही. गोठलेल्या पुलावर सुधारायला वेळ मिळत नाही.

वय तपासा

हौसेची गाडी वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर चालते, त्यामुळे तिचे टायर झिजत नाहीत, म्हातारे होतात. हिवाळी टायरचं रबर थंडीत मऊ राहण्यासाठीच बनवलेलं असतं. वर्षांनी ते कडक होतं, आणि नक्षी सात मिलिमीटर खोल असली तरी पकड राहत नाही. टायरच्या भिंतीवर 'डॉट' या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात: ३८२४ म्हणजे २०२४ चा ३८ वा आठवडा. आकडे तीनच असतील तर टायर २००० सालाआधीचा, तो लगेच काढा. सहा वर्षांनंतर दर हंगामाआधी बघा: अंगठ्याचं नख नक्षीत रुततं का, खाचांच्या तळाशी बारीक भेगा आहेत का. आठ वर्षांनंतर नवे घ्या. दहाच्या पुढे तर चालवूच नका, टायर दिसायला कितीही नवा असो. विकत घेतानाही हाच आकडा वाचा, कारण कमी खपाचे आकार गोदामात बराच काळ पडून असतात.

रिम आणि ट्यूब

हिवाळ्यासाठी लोखंडी रिमचा वेगळा संच ठेवावा. क्रोमच्या किंवा मूळ रंगाच्या चांगल्या रिमा रस्त्यावरच्या मिठात घालू नका. जुन्या रिमा घेताना बोल्टची रचना बघा: जुन्या मॉडेलांना ५ बोल्ट, २०५ मिलिमीटरच्या वर्तुळावर. नंतरच्यांना ४ बोल्ट, १३० मिलिमीटरवर. त्या एकमेकांवर बसत नाहीत. टायरची कडा जिथे टेकते ती जागा बोटाने तपासा. गंजाने खड्डे पडले असतील तर तिथून हवा हळूहळू जात राहते. गंज तारेच्या ब्रशने काढून, प्रायमर आणि रंग देऊन, पूर्ण वाळल्यावरच टायर चढवा. रिम बॅलन्सिंगच्या यंत्रावर टायरशिवाय फिरवून वाकडी नाही ना तेही बघून घ्या.

आता ट्यूबचा प्रश्न. नव्या रिमच्या आतल्या बाजूला टायरची कडा अडवणारा एक उंचवटा असतो. तो असेल तर रिमवर आकारापुढे 'एच' कोरलेलं दिसतं. जुन्या बीटलच्या बऱ्याच रिमांना हा उंचवटा नाही. बीटलच्या पुढच्या चाकांत हवा मुळातच कमी. त्यात जोराच्या वळणावर कडा आत सरकली, तर ट्यूबलेस टायरमधली सगळी हवा एका क्षणात जाते. अशा रिमवर ट्यूब घालाच, मग टायरवर 'ट्यूबलेस' छापलेलं असो वा नसो.

ट्यूब टायरच्या आकाराची आणि रेडियलसाठी चालणारी घ्या. व्हॉल्व्हचं भोक मोजा. ११.३ मिलिमीटर असेल तर टीआर १३ प्रकारच्या व्हॉल्व्हची ट्यूब, सुमारे १६ असेल तर टीआर १५ ची. मोठ्या भोकात बारीक व्हॉल्व्ह बसवला तर तो हलत राहतो आणि मुळाशी ट्यूब फाटते. टायरच्या आतले कागदी लेबल आणि बारकोड सोलून काढा, नाहीतर त्यांची कड ट्यूबला घासून भोक पाडते. आत टाल्कम पावडर लावा, ट्यूबमध्ये आकार येईल इतकीच हवा भरून ती बसवा, टायर चढल्यावर पूर्ण हवा भरा, मग सगळी सोडून पुन्हा भरा. सोडण्याची ही पायरी घाईत गाळली जाते. त्यामुळे ट्यूबला राहिलेली घडी तापते आणि काही महिन्यांत तिथेच ट्यूब जाते.

चाकं लावताना बोल्ट हाताने सुरू करून, तिरके-समोरासमोरचे थोडेथोडे आवळत, शेवटी टॉर्क पान्याने हँडबुकातल्या आकड्यावर आणा. ५० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा, विशेषतः रिम नव्याने रंगवली असेल तर. रंगाचा थर दबला की बोल्ट सैल होतो.

हवा: इथेच बहुतेक चुका होतात

टायरच्या दुकानात सवयीने चारही चाकांत २.२ बार हवा भरतात (बार हे हवेच्या दाबाचं एकक). बीटलसाठी ते चूक आहे आणि निसरड्या रस्त्यावर धोक्याचंही. बऱ्याच मॉडेलांच्या हँडबुकात रेडियलसाठी पुढे १.३ आणि मागे १.९ बारच्या आसपास आकडे आहेत. क्रॉसप्लायचे त्याहूनही कमी. पुढे-मागे हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे. १९७० साली १३०२ हे मॉडेल येण्याआधीच्या बहुतेक बीटलना मागे स्विंग अॅक्सल आहे, म्हणजे चाक वर-खाली होताना अॅक्सलबरोबर तिरकं होतं. वळणावर अचानक अॅक्सिलरेटर सोडला की मागचं टोक उचललं जातं, चाक आत वळतं आणि गाडी एकदम फिरते. मागे हवा पुढच्यापेक्षा जास्त असेल तर ही वेळ उशिरा येते. चारही चाकांत सारखी हवा भरली, की हा तोलच जातो, शिवाय हलकं पुढचं टोक दगडासारख्या टायरवर उड्या मारतं.

हिवाळी टायरची नक्षी मऊ असते, म्हणून हँडबुकातल्या आकड्यावर ०.२ बार वाढवा: पुढे १.५, मागे २.१. फरक तेवढाच राहू द्या. तापमान १० अंश उतरलं की हवा सुमारे ०.१ बारने कमी होते. १५ अंशांच्या गॅरेजमध्ये भरलेली हवा उणे दहाच्या सकाळी त्यामुळे ०.२ ने कमी भरते, आणि १.५ मधून ०.२ जाणं ही छोटी गोष्ट नाही. दर पंधरा दिवसांनी, टायर थंड असताना मोजा.

बर्फासाठी टायरवर चढवायच्या साखळ्या लागल्या तर त्या मागच्या चाकांना. विकत घेतल्यावर अंगणात एकदा लावून बघा आणि चाक हाताने पूर्ण फिरवून आतल्या बाजूला काही घासत नाही ना तपासा. साखळीवर जर्मनीत कमाल वेग ताशी ५० किलोमीटर.

शेवटी स्टेपनी. १९६० च्या दशकापासून बऱ्याच बीटलमध्ये काच धुण्याचं पाणी स्टेपनीतल्या हवेच्या दाबाने उडतं. त्यासाठी तिच्यात ३ बारच्या आसपास हवा भरतात आणि दाब एका मर्यादेखाली गेला की व्हॉल्व्ह पुरवठा तोडतो. हिवाळ्यात मिठाचा चिखल काचेवर उडत राहतो, पाणी वारंवार मारावं लागतं आणि स्टेपनी नकळत उतरत जाते. चारही चाकांबरोबर पाचवंही मोजा, आणि ती चाकाला लावायची वेळ आली तर आधी जास्तीची हवा सोडून ज्या जागी लावणार तिथल्या आकड्यावर आणा.