तांदळाचा लेप: चेहऱ्याला लावण्याआधीची तयारी

तांदळाचा लेप बिघडतो तो बहुतेक वेळा पातेल्यातच. कच्चं, रवाळ पीठ दह्यात कालवून चेहऱ्यावर थापलं आणि कडक सुकल्यावर चोळून काढलं, की गाल लाल होतात, आग होते आणि दोष तांदळावर जातो. म्हणून तयारी दोन दिवस आधी सुरू करा.

पहिलं काम तांदूळ पाहण्याचं. वर्षाच्या साठवणीच्या तांदळाला आपल्याकडे बोरिक पावडर चोळून ठेवतात, नाहीतर डब्यात पारदाच्या गोळ्या टाकतात. तो तांदूळ लेपाला नको. ठाण्यात जांभळी नाक्यावर किंवा वाशीत कुठल्याही वाण्याकडे सुटा, काही न लावलेला पाव किलो तांदूळ मागा. इंद्रायणी किंवा आंबेमोहोर घेतला तर उत्तम, कारण शिजल्यावर ते चिकट होतात आणि लेप गालावरून ओघळत नाही. कोलम चालतो, पण त्याचा लेप थोडा सुटा होतो. जाडा उकडा तांदूळ पेजेलाच ठेवा, तो लवकर गुळगुळीत होत नाही.

पिठी घरी करायची तर तांदूळ तीन पाण्यांनी धुऊन, सावलीत कापडावर खडखडीत वाळवून, मिक्सरमधून काढून मैद्याच्या चाळणीने चाळा. गिरणीतून आणणार असाल तर आधी विचारा, तिथे मिरची किंवा मसालाही दळतात का. दळणात आलेली चिमूटभर मिरची भाकरीत कळणार नाही, डोळ्यांखाली मात्र लगेच कळेल. गणपतीत आणलेली मोदकाची पिठी उरली असेल आणि तिला जाळी किंवा कुबट वास नसेल, तर सगळ्यात सोपं: ती मुळातच बारीक असते.

आता पिठी शिजवायची. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि सगळा फरक तिथेच पडतो. कच्च्या पिठाचा कण कितीही चाळला तरी टणक राहतो. पाण्यासह साधारण 70 अंश सेल्सिअसच्या पुढे तापला की तो पाणी पिऊन फुगतो आणि मऊ पडतो. 1 पोह्याचा चमचा पिठी पाऊण वाटी गार पाण्यात आधी नीट कालवा. गरम पाण्यात टाकलीत तर गुठळ्या होतील आणि त्या शेवटपर्यंत मोडणार नाहीत. मंद आचेवर तीन-चार मिनिटं सतत ढवळत राहा. दुधाळ पांढरा रंग जाऊन खळीसारखी अर्धपारदर्शक चकाकी आली, की गॅस बंद. गार झाल्यावर ती आणखी घट्ट होते, म्हणून आचेवर जरा पातळच ठेवा. मग जुन्या मलमलच्या फडक्यातून पिळून घ्या.

हे मिश्रण पूर्ण कोमट झाल्यावर त्यातले 2 पोह्याचे चमचे वेगळे काढा आणि त्यात 1 चहाचा चमचा ताजं, आंबट नसलेलं दही आणि अर्धा चमचा मध घाला. त्वचा कोरडी असेल तर दह्याऐवजी साय चालेल. मुरुमं येत असतील तर साय आणि खोबरेल दोन्ही टाळा. लिंबू कोणीच घालू नये. ते त्वचेपेक्षा कितीतरी जास्त आम्लधर्मी असतं आणि त्याचा अंश राहून ऊन लागलं तर काळे डाग उठतात, म्हणजे हवं त्याच्या नेमकं उलट. खाण्याचा सोडाही नको. उरलेली खळ हात-कोपरांना लावून संपवा. शिळ्या भाताचा लेप तर नकोच. आपल्या दमट हवेत ओट्यावर राहिलेला भात रात्रीतून खराब होतो.

लेपाआधी 24 तास कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा ठिपका लावून दहा मिनिटांनी धुवा. खाज, पुरळ किंवा लाली आली तर चेहऱ्याला लावू नका. त्याच दिवशी थ्रेडिंग, वॅक्सिंग किंवा दाढी केली असेल तर पुढे ढकला. रेटिनॉल किंवा सॅलिसिलिक अॅसिड वापरत असाल तर ते दोन-तीन दिवस आधी थांबवा. पिकलेली मुरुमं, इसब किंवा जखम असेल तर लेप नाहीच. हळदी-साखरपुड्यासाठी करत असाल तर पहिला प्रयोग निदान आठवडाभर आधी करा.

वेळ रात्रीची ठेवा, म्हणजे लगेच उन्हात किंवा लोकलच्या गर्दीत जावं लागत नाही. वाटी, चपटा ब्रश, केसांना पट्टा, जुना टी-शर्ट, मऊ सुती रुमाल आणि मॉइश्चरायझर आधीच मांडून ठेवा. लेपाच्या हातांनी कपाट उघडणं त्रासाचं. घोडबंदरकडच्या बऱ्याच सोसायट्यांत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येतं. ते जड असेल तर शेवटच्या धुण्यासाठी तांब्याभर फिल्टरचं पाणी काढून ठेवा. आधी चेहरा सौम्य फेसवॉशने धुवा, ओलसर असतानाच पातळ थर द्या, डोळे आणि ओठांभोवती बोटभर जागा सोडून.

घड्याळ लावा: दहा मिनिटं, फार तर बारा. पावसाळ्यात लेप सुकत नाही म्हणून पंख्याखाली बसून राहू नका, सुकवायचा नसतोच. थर पूर्ण वाळला की आकसतो, कातडी ओढतो आणि मऊपणा देण्याऐवजी कोरडेपणा देऊन जातो. कडा पांढऱ्या पडायला लागल्या की ओला रुमाल चेहऱ्यावर अर्धा मिनिट ठेवा, लेप टिपून घ्या, मग पाण्याने धुवा. घासायचं नाही. रुमालावरचा लगदा कचऱ्यात टाका, बेसिनमध्ये सोडलात तर जाळीत अडकून बसतो. चेहरा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा.

आठवड्यातून एकदा पुरे. त्वचा मऊ आणि तुकतुकीत दिसते ती ओलावा मिळाल्याने आणि वरची मृत पेशींची पूड निघाल्याने. मूळ रंग बदलत नाही, वांगही जात नाही. वांगासाठी त्वचारोगतज्ज्ञ गाठा. दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर पडताना एसपीएफ 30 किंवा त्याहून जास्त असलेलं सनस्क्रीन लावा, ढग असले तरी.