फॉल-पिकोच्या पैशात दोन मांजरं

साड्यांना फॉल-पिको करून मिळणाऱ्या पैशांतले महिन्याला तीनशे आमच्याकडे मांजरांच्या बरणीत पडतात. काळाचौकीतली एक खोली आणि ठमी नि बंड्या ही दोन देशी मांजरं. गिऱ्हाईक बायका विचारतात, मांजर परवडतं का? मी उलट विचारते, बोका आणताय की भाटी?

कारण पहिला मोठा खर्च नसबंदीच्या ऑपरेशनचा. बोक्याचं सोपं नि स्वस्त, भाटीचं पोट उघडावं लागतं म्हणून महाग. पण ते टाळू नका. भाटी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि साधारण दोन महिन्यांत विते. मग चार-पाच पिल्लांच्या सुया, जंताचं औषध, खाणं सगळं तुमच्याच अंगावर. आमच्या भागातली माणसं परळच्या बैलघोड्यात जातात, म्हणजे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटलात. 1886 साली सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालयही त्याच आवारात आहे. धर्मादाय संस्थेचं हॉस्पिटल, त्यामुळे दर खासगीपेक्षा कमी. रांग मात्र मोठी, सकाळीच जा. गावाकडे असाल तर तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. तिथे गाई-म्हशींचीच गर्दी असते, पण मांजर नेलं म्हणून लाजायचं काही कारण नाही.

मांजर आणताना विकत घेऊ नका, हे माझं स्पष्ट मत. पर्शियनचे केस रोज विंचरा, डोळे पुसा, चपट्या नाकापायी दम लागला की डॉक्टर गाठा! देशी पिल्लू सांभाळणाऱ्याकडून फुकट मिळतं. त्याने लसीचे किंवा ऑपरेशनचे पैसे मागितले तर खुशाल द्या, लसीचं कार्ड आणि पावती बघून. नुसता फोटो पाठवून आधी गाडीभाडं मागणाऱ्याला एक रुपया देऊ नका.

लसी दोन. ट्रायकॅट, म्हणजे मांजरांच्या तीन आजारांवरची एकत्र लस, पिल्लू आठ आठवड्यांचं झाल्यावर, तीन-चार आठवड्यांनी पुन्हा. रेबीजची पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर. पुढच्या तारखा डॉक्टर कार्डावर लिहून देतात. मी त्या गॅस सिलिंडरच्या तारखेशेजारी कालनिर्णयवर लिहिते आणि त्या महिन्यात दुसऱ्या कशासाठी बरणीला हात लावत नाही.

मांजर न्यायची पेटी महाग असते. भाजीच्या दोन जाळीदार प्लास्टिक टोपल्या तोंडाला तोंड लावून सुतळीने घट्ट बांधा, आत जुना टॉवेल. बंड्या त्यातूनच टॅक्सीने जातो, वाटभर ओरडत.

डॉक्टरांपुढे पैशाचं बोलायला संकोचू नका. मी सरळ म्हणते, "डॉक्टर, माझ्याकडे आज इतके आहेत. आजच करायला हवं असं काय, आणि दोन दिवस थांबलं तर चालेल असं काय?" चांगला डॉक्टर यावर रागावत नाही, तपासण्यांचा क्रम लावून देतो. जुने कागद, रिपोर्ट एका पिशवीत ठेवा. डॉक्टर बदलला तरी तीच रक्त तपासणी पुन्हा करावी लागत नाही.

काही ठिकाणी मात्र पैसे वाचवायचे नाहीत. बोका परत परत मातीत बसतोय, कुंथतोय आणि लघवी होत नाही, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी न्या. मूत्रमार्ग तुंबला की एक-दोन दिवसांत जीव जातो. मोठ्या मांजराने दोन दिवस काही खाल्लं नाही, तरी थांबू नका, लिव्हर बिघडतं. पिल्लासाठी तर एक दिवसही खूप.

घरातली तापाची गोळी कधीच देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, अर्धी गोळीही जीव घेऊ शकते. कुत्र्याच्या गोचिडांचं मानेवर टाकायचं औषधही तसंच. त्यातलं पर्मेथ्रिन मांजराला सोसत नाही. आणि मांजर तुम्हालाच चावलं किंवा रक्त निघेपर्यंत बोचकारलं, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि महापालिकेच्या रुग्णालयात जाऊन रेबीजची सुई घ्या. ती फुकट असते, त्याला बरणी फोडावी लागत नाही.