सी. डिफची तपासणी: आधी डबी तिरकी करून पाहा

अँटिबायोटिक चालू असताना किंवा नुकतंच संपल्यावर जुलाब लागले, की वॉर्डमधून 'सी. डिफ'ची मागणी येते. हा क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल नावाचा, विषाने जुलाब घडवणारा जिवाणू धडधाकट माणसाच्या आतड्यातही गुपचूप राहू शकतो, आणि त्याच्या काही जाती विष तयारच करत नाहीत. म्हणून जिवाणू सापडला एवढ्यावर भागत नाही. तो आत्ता विष सोडतोय का, हे पाहावं लागतं.

डबी आली की तिरकी करा. मल डबीचा आकार घेत असेल तरच पुढे जा. बांधीव मल परत पाठवा, पॉझिटिव्ह आला तरी त्याला अर्थ नसतो. (आतड्यांची हालचालच थांबलेला रुग्ण याला अपवाद, तिथे डॉक्टरांशी बोलून ठरवा.) २४ तासांत ३ किंवा जास्त वेळा पातळ झालं आहे का, आणि गेल्या ४८ तासांत जुलाब होण्याचं औषध (रेचक) दिलंय का, हे सिस्टरना फोन करून विचारा. यकृताच्या रुग्णाला लॅक्ट्युलोज हे रेचक चालू असतं आणि फॉर्मवर मात्र नुसतं 'लूज मोशन' लिहिलेलं असतं. वर्षाच्या आतल्या बाळाचा नमुना सहसा तपासणीला लावू नका. त्या वयात विष करणाऱ्या जातीही त्रास न देता आतड्यात राहतात.

नमुना स्वच्छ, कोरड्या, घट्ट झाकणाच्या डबीत हवा. फॉर्मॅलिन नको. बाहेर तसाच पडला तर विष दोन तासांतही नाहीसं होऊ शकतं, आणि मग निगेटिव्ह आलेला रिपोर्ट खोटा असतो. लगेच लावता येत नसेल तर २ ते ८ अंशांवर ठेवा आणि ७२ तासांच्या आत लावा. पुन्हा पुन्हा गोठवणं-वितळवणं टाळा, त्यानेही विष मोडतं.

पहिली पायरी म्हणून जीडीएच आणि विष ए-बी (या जिवाणूची दोन विषं) एकत्र दाखवणारी कॅसेट, म्हणजे रेघा उमटणारी तयार चाचणीपट्टी, सोयीची. जीडीएच हे या जिवाणूचं एन्झाइम, विष न करणाऱ्या जातींतही असतं. किट फ्रिजमधून काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. एका प्रचलित कॅसेटचं माप असं: ७५० मायक्रोलिटर डायल्युएंटमध्ये (किटमधलं पातळ करायचं द्रावण) १ थेंब कॉन्जुगेट (विष आणि जीडीएचला चिकटणारं द्रावण) आणि २५ मायक्रोलिटर नीट ढवळलेला मल. त्यातलं ५०० मायक्रोलिटर खाचेत सोडा, १५ मिनिटं थांबा, ३०० मायक्रोलिटर वॉश बफर, मग सब्स्ट्रेटचे (रंग आणणारं द्रावण) २ थेंब, आणि १० मिनिटांनी वाचन. तुमच्या किटच्या लिटरेचरमध्ये माप वेगळं असेल तर तेच पाळा. अंधूक रेघही पॉझिटिव्हच. उशिरा उमटलेली मात्र धरायची नाही. मल जास्त घातला की पडदा तुंबतो आणि कंट्रोलचे ठिपके उमटत नाहीत. अशी कॅसेट टाकून द्या, अंदाजाने रिपोर्ट देऊ नका.

दोन्ही निगेटिव्ह असतील तर प्रश्न मिटला. दोन्ही पॉझिटिव्ह असतील तर विषासह जिवाणू आहे, लगेच वॉर्डला कळवा. नुसतं विष पॉझिटिव्ह आणि जीडीएच निगेटिव्ह हे जुळत नाही, नमुना पुन्हा लावा. खरी डोकेदुखी जीडीएच पॉझिटिव्ह, विष निगेटिव्ह आल्यावर. अशा वेळी विष बी च्या जीनसाठी पीसीआर (जीन शोधणारी चाचणी) लावा. जीन निगेटिव्ह आला तर ती विष न करणारी जात. पॉझिटिव्ह आला तर जिवाणूला विष करता येतं एवढंच कळतं, करतोय की नाही ते नाही. रिपोर्टमध्ये हे स्पष्ट लिहा, नाहीतर नुसत्या वाहकाला (जिवाणू आहे पण त्रास नाही अशा माणसाला) औषध सुरू होतं. पीसीआर 'इनव्हॅलिड' आला तर बहुतेक वेळा स्वॅबवर मल जास्त घेतलेला असतो. मलातले पित्तक्षार आणि रक्त अभिक्रिया रोखतात. स्वॅब नुसता बुडवून काढला तरी पुरतो.

कल्चर रोजच्या कामाला उपयोगाचं नाही, पण साथीत जातींची तुलना करायला लागतं. मल आणि अ‍ॅब्सोल्यूट अल्कोहोल समप्रमाणात मिसळून तासभर ठेवा. बाकीचे बहुतेक जिवाणू मरतात, सी. डिफचे बीजाणू (कठीण कवचाची सुप्त रूपं) तगतात. मग सायक्लोसेरीन-सेफॉक्सिटिन-फ्रुक्टोज अगारवर (जिवाणू वाढवायचं माध्यम) लावून ३५ ते ३७ अंशांवर बंद जारमध्ये ऑक्सिजनविना ४८ तास ठेवा. माध्यमात टॉरोकोलेट (एक पित्तक्षार) असेल तर बीजाणू चांगले रुजतात. पिवळसर, घासलेल्या काचेसारख्या वसाहती येतात, आणि जार उघडताच तबेल्यासारखा वास येतो. मुद्दाम प्लेट नाकाशी नेऊ नका. वाढलेल्या जिवाणूची विषचाचणी मात्र वेगळी करावीच लागते.

निगेटिव्ह आल्यावर ७ दिवसांच्या आत तीच तपासणी पुन्हा मागवली तर नकार द्या. उपचारानंतर 'बरा झाला का' म्हणूनही तपासू नका, लक्षणं गेल्यावरही रुग्ण काही आठवडे पॉझिटिव्ह राहू शकतो.

बीजाणू सॅनिटायझरला दाद देत नाहीत. हातमोजे काढल्यावर हात साबण-पाण्यानेच धुवा, आणि टेबल ताज्या हायपोक्लोराइटने ओलं करून १० मिनिटं तसंच राहू द्या, लगेच पुसू नका.