ताटातली भाजी एकदा वजनकाट्यावर ठेवून बघा

"आमच्याकडे रोज भाजी असते हो," असं मी डॉक्टरांना अगदी ठामपणे सांगितलं होतं. चौदा वर्षांच्या लेकीचं हिमोग्लोबिन ९.६ आलं होतं. या वयात ते १२ च्या खाली नको. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि विचारलं, "भाजी रोज असते, पण माणशी किती?" मला उत्तर देता आलं नाही. घरी आल्यावर दिवाळीच्या फराळापुरता बाहेर निघणारा वजनकाटा ओट्यावर मांडला.

सकाळी पाव किलो भेंडी. संध्याकाळी पाव किलो फ्लॉवर-बटाटा, त्यात निम्मा बटाटा. खाणारे आम्ही पाच. बटाटा भाजीत धरायचा नसतो, तो भात-पोळीसारखा पिष्टमय. तो वगळला तर माणशी आले फक्त ७५ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जो आहार सुचवला, त्यात २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाला दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं आहेत. जागतिक आरोग्य संघटना दोन्ही मिळून किमान ४०० ग्रॅम सांगते. कुठलाही आकडा धरला तरी आम्ही फार मागे होतो.

म्हणून पहिलं काम हेच करा. तीन दिवस निवडलेली, चिरलेली, कच्ची भाजी वजन करून वहीत लिहा. शिजल्यावर करू नका, पालेभाजी शिजून मूठभर होते आणि अंदाज चुकतो.

वाढवायचं कुठे? नवे पदार्थ शोधत बसू नका, आहे त्यातच प्रमाण बदला. आमटीत डाळ जेवढी, तेवढाच दुधी, लाल भोपळा किंवा शेवग्याच्या शेंगा. पोह्यांत मूठभर मटार आणि किसलेलं गाजर. थालीपिठात दुधी किसून घालते. त्याला पाणी सुटतं, म्हणून भाजणी आधी त्याच्या पाण्यातच मळायची, कमी पडलं तरच वरून शिंपडायचं. कोशिंबीर आमच्याकडे लोणच्यासारखी चमचाभर वाढली जायची, आता माणशी वाटीभर असते. मीठ मात्र पान वाढताना घालायचं, आधी घातलं की काकडी पाणी सोडते आणि मग कुणी हात लावत नाही.

पालेभाजीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण घरोघरी तीच मागे पडते. चवीमुळे नाही, निवडायच्या कंटाळ्यामुळे. रविवारच्या बाजारातून मी मेथी, शेपू, तांदुळजा आणि कांद्याची पात आणते. संध्याकाळी वर्तमानपत्र पसरून सगळे निवडायला बसतात, सासरेही. निवडलेली भाजी न धुता, कोरडी, सुती कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवायची. चार दिवस चांगली राहते. करायच्या वेळी दोन-तीन पाण्यांतून धुवा, पण चिरण्याआधी. चिरल्यावर धुतलं की क जीवनसत्त्व आणि फोलेट पाण्याबरोबर जातं. आमच्या आई, म्हणजे सासूबाई, मेथी चिरून मीठ चोळून पिळायच्या, कडवटपणा जावा म्हणून. तो हिरवा रस मोरीत जाताना बघून माझा जीव कळवळायचा. आता त्याऐवजी भिजवलेली मूगडाळ, भरपूर लसूण, वरून ओलं खोबरं आणि गुळाचा खडा घालते. आईंनीच मागून घेतली.

भाजीतलं लोह शरीराला सहज शोषता येत नाही, आंबटाची सोबत लागते. क जीवनसत्त्व त्याला मदत करतं. म्हणून लिंबू पानात पिळा, उकळत्या आमटीत नको, उष्णतेने ते नासतं. जेवणानंतर पेरूच्या चार फोडी दिल्या तर उत्तमच. वजनाला वजन धरलं तर पेरूत संत्र्याच्या जवळपास चौपट क जीवनसत्त्व असतं, आणि हंगामात तो स्वस्तही असतो. चहा मात्र जेवणाच्या आगेमागे तासभर नको, त्यातलं टॅनिन लोह अडवतं. लेकीचं हिमोग्लोबिन तीन महिन्यांत ११.५ वर आलं. ते गोळ्यांनी आलं, हे मी सगळ्यांना सांगते. गोळ्या थांबल्यावर ते पुन्हा घसरू नये, हे काम ताटाचं.

सासऱ्यांना रक्तदाब आहे. फळं-भाज्यांतलं पोटॅशियम शरीरातलं जादा सोडियम लघवीवाटे बाहेर टाकायला मदत करतं, पण पापड-लोणचं तसंच चालू ठेवून उपयोग नाही. त्यांच्या गोळ्याही चालूच आहेत. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र पोटॅशियम साचून धोका होतो, आणि रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर एकदम पालेभाजी वाढवणं बरं नाही. अशांनी आधी डॉक्टरांना विचारा, मी कळकळीने सांगते.

आईंचा बद्धकोष्ठाचा त्रास चोथ्यामुळे कमी झाला. पहिल्याच आठवड्यात मी उत्साहाने सगळं दुप्पट केलं, तेव्हा त्यांचं पोट फुगलं. दर आठवड्याला थोडं थोडं वाढवा आणि पाणीही वाढवा. फळ चावून खा, रस काढू नका. ग्लासभर रसात तीन-चार संत्र्यांची साखर येते आणि चोथा गाळणीत राहतो.

खर्चाचं म्हणाल तर हंगाम धरा. जानेवारीत गाजर, पेरू, बोरं, हरभऱ्याचा पाला. भोगीच्या भाजीला तर वजन करायची गरजच पडत नाही, तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीबरोबर सगळे दोनदा वाढून घेतात. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू येतात, पण रानभाजी ओळखीच्या मावशींकडूनच घ्या आणि कशी करायची तेही त्यांनाच विचारा.

आज आमचं माणशी साधारण ३०० ग्रॅम होतं. बुधवार-गुरुवारी घसरतं, कारण रविवारची पालेभाजी संपलेली असते. त्या दोन दिवसांसाठी ओट्याखाली एक अख्खा लाल भोपळा असतो. न कापलेला महिनाभर सहज टिकतो, आणि मेथीदाण्यांची फोडणी दिली की वीस मिनिटांत भाजी होते.