प्रवास छायाचित्रणाचा व्यवसाय : छायाचित्र विकण्याजोगे कसे करावे

प्रवासात उत्तम छायाचित्रे काढणारे पुष्कळ असतात, पण त्यावर चरितार्थ चालवणारे मोजकेच. आणि हा फरक सहसा कॅमेऱ्यामुळे पडत नाही. मासिकाचा चित्रसंपादक किंवा जाहिरात संस्था छायाचित्र विकत घेते तेव्हा त्यात नेमके काय दिसते आहे, त्यातील व्यक्तींची संमती आहे का आणि ते कुठे व किती काळ वापरता येईल, हे तिला आधी कळावे लागते. यांतील पहिल्या दोन गोष्टी जागेवरच मिळवाव्या लागतात, कारण घरी परतल्यावर त्या हाती लागणे फार कठीण असते.

नवोदिताने निवडक सुंदर दृश्यांचा संग्रह दाखवण्याऐवजी एकाच ठिकाणची, एका विषयाला धरून केलेली दहा-बारा छायाचित्रांची मालिका दाखवावी. संपादकाला पाने भरायची असतात, त्यामुळे ठिकाणाची ओळख पटवणारे दूरचे दृश्य, कामात गुंतलेली माणसे, जवळून टिपलेले बारकावे आणि ज्याच्या वरच्या भागात मासिकाचे नाव बसेल असे एक उभे छायाचित्र, असे वैविध्य तो शोधत असतो. एकाच सूर्यास्ताच्या दहा छटा म्हणजे मालिका नव्हे. अशा पहिल्या मालिकेसाठी दूरदेशी जाण्याचीही गरज नाही; आपण राहतो ते गाव इतरांच्या दृष्टीने परगावच असते, आणि तिथे उजेड चांगला नसेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जाता येते.

साधनांविषयी थोडक्यात सांगायचे तर २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून साधारण ६००० × ४००० पिक्सेलचे चित्र मिळते आणि ते ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) सुमारे २० × १३ इंच छापता येते, म्हणजे मासिकाच्या जोडपानाला ते बहुधा पुरते. त्यामुळे कर्ज काढून महागडा कॅमेरा घेण्यापेक्षा साधाच दुसरा कॅमेरा जवळ बाळगणे शहाणपणाचे. विमानप्रवासात सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानातच ठेवाव्या लागतात, आणि १०० ते १६० वॉट-अवर क्षमतेच्या बॅटरीसाठी विमान कंपनीची परवानगी लागते. बरीच साधने घेऊन परदेशी जाताना, तो देश त्या व्यवस्थेत सामील असल्यास, ‘एटीए कार्ने’ हा तात्पुरत्या आयातीचा दस्तऐवज सोबत असला की सीमाशुल्काची कटकट वाचते. दररोज रात्री छायाचित्रांच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर उतरवाव्यात आणि त्या डिस्क एकाच पिशवीत ठेवू नयेत.

सर्वांत दुर्लक्षित राहते ते कॅप्शन. ‘होडी दुरुस्त करणारा कारागीर’ एवढ्याने संपादकाचे काम भागत नाही. ‘होडीच्या दोन फळ्यांमधील फटीत कापसाचा दोर छिन्नीने ठोकून बसवताना सुतार, पाणी आत झिरपू नये म्हणून त्यावर नंतर लांबी (पुट्टी) भरली जाते’ असे लिहिले, आणि त्याला व्यक्तीचे नाव, गाव व तारखेची जोड दिली, तर त्याच छायाचित्राभोवती लेख उभा राहू शकतो. ही माहिती त्याच संध्याकाळी, नावांची अक्षरे त्या-त्या व्यक्तीकडून तपासून, वहीत नोंदवावी आणि पुढे संगणकावर फाइलच्या आयपीटीसी रकान्यांत (छायाचित्राची माहिती फाइलमध्येच साठवणाऱ्या प्रमाणित रकान्यांत) भरावी, म्हणजे ती छायाचित्राबरोबरच प्रवास करते.

संमतीचा प्रश्न वापरानुसार बदलतो. वृत्तपत्रातील किंवा मासिकातील लेखासाठी अनेक देशांत सार्वजनिक जागेतील व्यक्तीची लेखी संमती लागत नाही. जाहिरातीसाठी मात्र ओळखू येणाऱ्या प्रत्येक व्यक्तीचे सही केलेले संमतिपत्र ग्राहक मागतोच, आणि मुलांच्या बाबतीत पालकांची सही लागते. हे पत्र त्या माणसाला वाचता येईल अशा भाषेत असावे. न समजलेल्या कागदावर घेतलेली सही पुढे वादाचे कारण ठरते, आणि मुळात ते सचोटीलाही धरून नाही. वास्तूंच्या बाबतीतही सावध राहावे. आयफेल टॉवर दिवसा टिपण्यास कोणतीच आडकाठी नाही, परंतु रात्रीची रोषणाई ही स्वतंत्र कलाकृती मानली जात असल्याने तिच्या छायाचित्राच्या व्यावसायिक वापरासाठी व्यवस्थापनाची परवानगी घ्यावी लागते.

दर ठरवताना आपण वस्तू विकत नसून वापराचा परवाना देत आहोत, हे लक्षात ठेवावे. स्वामित्वहक्कांविषयीच्या १८८६ च्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराला बांधील असलेल्या देशांत स्वामित्वहक्क कोणत्याही नोंदणीशिवाय निर्माण होतो, पण ग्राहकाशी होणाऱ्या करारावर सही करून तो सहज गमावताही येतो. म्हणून या करारात माध्यम, भूप्रदेश, मुदत आणि वापर अनन्य, म्हणजे फक्त त्याच ग्राहकापुरता, आहे की नाही, हे स्पष्ट लिहून घ्यावे. ‘सर्व हक्क, कायमस्वरूपी’ असे शब्द दिसले तर एकतर मोबदला त्या प्रमाणात वाढवून मागावा किंवा ते कलम काढायला लावावे. केवळ नाव छापून येईल या आश्वासनावर हक्क सोडणे मला कोणत्याही टप्प्यावर योग्य वाटत नाही. अनन्य वापराची मुदत संपण्याची तारीख नोंदवून ठेवावी, कारण त्यानंतर तीच मालिका दुसऱ्या भाषेतील प्रकाशनाला किंवा पर्यटन संस्थेला देता येते.